सातव्या काडेपेटीतलं सोनं

२०२५ साल. माझे मित्र राव सत्तर वर्षांचे होते आणि मी चौऱ्याहत्तर. सकाळचे साडेनऊ वाजले असतील, मी मद्रासच्या सौकारपेठेतल्या माझ्या दुकानाचं शटर वर ढकलत होतो, तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होत्या, रावांच्या पत्नी. दोन महिने रावांचा फोन नव्हता आणि आता वहिनींचा, म्हणून मी जरा घाबरतच उचलला. त्या म्हणाल्या, "अण्णा, हे गेले. सकाळची कापी प्याली, पेपर मांडीवर घेतला, आणि मान अशी बाजूला..." पुढं त्यांना बोलता येईना. आता एक गोष्ट लिहितो, ती लिहायला लाज वाटते, पण ती गाळली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. ते ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं दुःख आलं नाही. पहिलं आलं ते सुटल्यासारखं वाटणं. आता राव मला तो प्रश्न पुन्हा विचारणार नाहीत... असं मनात आलं, आणि मग शटर हातातून सुटून खाली आपटलं.

मी गलाईवाला. खानापूर तालुक्यातला. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंद. सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर मद्रासला आलो आणि मुशीत सोनं वितळवायला शिकलो. दागिना मोडायला आला की आधी तो दगडावर घासायचा, त्याची जी रेघ उमटते तिला कस म्हणतात. त्या रेघेचा रंग पाहून सोनं किती कॅरेटचं ते सांगायचं. बाकीचे लोक शेजारी ठरलेल्या कसाच्या सळ्या घासून ताडून बघतात. मला सळ्या कधी लागल्या नाहीत. गल्लीत लोक म्हणायचे, अण्णांनी बघितलं म्हणजे झालं. आता कॅरेट मोजायची मशीनं आलीत, सोनं माझ्या दुकानातून पुढं मशीनवर जातंच, तरी मुरुगेसनसारखे जुने सराफ आधी माझ्या दगडाकडं यायचे. त्या येण्याचा मला किती माज होता हे आता कळतं.

राव तंजावरच्या मराठी घरातले. सरकारी कचेरीत मोठे कारकून होते, निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला वेलचेरीच्या एका अपार्टमेंटात राहायचे. आठ वर्षांपूर्वी आईचं गळ्यातलं मोडकं कंठण घेऊन ते माझ्या दुकानात आले. मी माझ्या मुलावर, विलासवर, ओरडत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रागवूं नका ओ, लेकरूं आहे." लेकरू तेव्हा चाळीस वर्षांचं होतं. त्यांची मराठी अशी, की वाटावं एखादा जुना कागद बोलतोय, आणि मधेच तमिळ. मी म्हटलं, "कुठली ही मराठी?" ते म्हणाले, "तीनशे वर्षं झालीं इथें येऊन. तुमची मराठी नवी आहे, आमची तीच आहे." मला राग आला आणि मैत्री झाली. ते मला अण्णा म्हणायचे, मी त्यांना राव. दर गुरुवारी ते सौकारपेठेत यायचे आणि रविवारी मी वेलचेरीला जायचो. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनींच्या हातचं आंबट वरण मला कुठल्याही हॉटेलापेक्षा बरं.

रविवारी जायचं आणखी एक कारण होतं. रावांनी त्यांच्या अपार्टमेंटच्या वाचनालयात पेन्शनरांसाठी वर्ग काढला होता. तळहाताएवढी एक हिरवी सर्किटची पाटी, तिच्यावर बारके दिवे आणि कडेला पायांची रांग. तिला वायरीनं लॅपटॉप जोडायचा आणि पायथन नावाच्या भाषेत ओळी लिहून तिला सांगायचं, हा दिवा लाव, अर्धा सेकंद थांब, विझव. सेन्सर जोडला की तिला ऊन, पाणी, अंतर सगळं कळतं, आणि आपण सांगू तसे दिवे ती लावते. सात-आठ म्हातारे, दोन म्हाताऱ्या, आणि त्यांत मी चौथी पास. राव म्हणाले होते, "अण्णा, तुम्ही मुशीला आयुष्यभर सांगितलंत, ह्या पाटीला सांगायला काय झालं?"

पहिल्या दिवशीच माझं तिच्याशी भांडण झालं. काही ओळींच्या आधी चार मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, म्हणजे ती ओळ वरच्या ओळीच्या ताब्यात आहे हे तिला कळतं. मी म्हटलं, "जिथं काही लिहिलंच नाही त्याला काय अर्थ? मी नाही सोडणार." दिवा लागेना. सगळ्यांचे दिवे लुकलुकायला लागले आणि माझी पाटी मेल्यासारखी पडलेली. तासभर मी हट्टानं तीच ओळ तशीच लिहीत राहिलो. कोणीतरी मागून हसलं. तेव्हा राव मोठ्यानं म्हणाले, "ह्या कीबोर्डाची पट्टी अडकते, मीच दुसरा आणायला हवा होता." कीबोर्डाला काही झालं नव्हतं. वर्ग संपल्यावर त्यांच्या घरी त्यांनी मला कॉफी दिली आणि हळूच म्हणाले, "चार जागा सोडा, बघूं काय होतं." मी सोडल्या. दिवा लागला, विझला, लागला... त्या आठवड्यात मी गल्लीत प्रत्येकाला सांगितलं, की मी लिहिलेला दिवा बघायला या.

रावांचं डोकं कसं होतं, ते सांगतो. वेलचेरीत पाऊस लागला की लोक गाड्या नेऊन उड्डाणपुलावर लावतात, पण पाणी कधी चढणार हे कोणाला कळत नाही. रावांनी पार्किंगच्या भिंतीवर तीन उंचींवर पाण्याचे सेन्सर बसवले आणि वॉचमनच्या खोलीत तीन दिवे. घोट्याएवढं पाणी आलं की पिवळा आणि भोंगा, गुडघ्याला केशरी, त्याच्यावर लाल. मागच्या डिसेंबरात दुपारी भोंगा वाजला, आणि त्या अपार्टमेंटातली एकही स्कूटर बुडाली नाही. असा माणूस. त्याची वही नीट, पेन्सिली टोक केलेल्या, दर ओळीला तारीख.

त्यानंतर एका गुरुवारी ते दुकानात बसले होते, मी दगडावर एक बांगडी घासून बघत होतो. ते म्हणाले, "अण्णा, तुमची नजर तुमच्याबरोबर जाणार. विलासला ती नाही, तुम्हीच म्हणता. ती मी ह्या पाटीत ठेवतों. रंग बघणारा सेन्सर मिळतो. प्रत्येक कसाला तो तीन आंकडे देतो, तांबडा, हिरवा, निळा. तुम्ही मला सांगायचं, हा बावीस, हा अठरा. पाटी ते लक्षात ठेवील. पुढें कोणीहि कस ठेवला, की जवळचा आंकडा शोधून दिवा लावील."

मला ते ऐकून छाती फुगल्यासारखं झालं. पण दोन वर्षं झाली होती, मला रंग दिसत नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू होता. सगळंच पिवळं, सगळंच धुरकट. बावीस आणि वीस यांत फरक कळेना, अठराचा अंदाज मी दागिन्याच्या घडणीवरून करायचो. विलासला काहीतरी निमित्त काढून विचारायचो, "बघ रे, तुला काय वाटतं," आणि तो बोलला की मग मी म्हणायचो, "बरोबर, मी तेच म्हणत होतो." गलाईवाल्याची नजर गेली असं गल्लीत कळलं की तो संपला. डॉक्टरकडे गेलो असतो तर महिन्यात बरा झालो असतो. पण डॉक्टरकडे गेलो तर कळलं असतं! हा माझा शहाणपणा.

राव म्हणाले, "ठरलेल्या सळ्या घेऊन करूं का? त्यांच्यावर आंकडा कोरलेला असतो." मी म्हटलं, "सळ्या काय करायच्यात? मीच सळी." ते हसले आणि म्हणाले, "सरि, तसं करूं."

त्यांनी माझ्याकडून सोन्याचे बारा बारके तुकडे घेतले, मोडीतले, प्रत्येक एका काडेपेटीत, पेटीवर नंबर. काळ्या पुठ्ठ्याचं खोकं केलं, आत सेन्सर आणि त्याचा स्वतःचा पांढरा दिवा, म्हणजे बाहेरचा उजेड येणार नाही. मी रुंद कस ओढायचा, ते खोकं वर ठेवायचे, दहा वेळा आकडे घ्यायचे, सरासरी काढायची, आणि मला विचारायचे, "किती, अण्णा?" मी मान तिरकी करून, डोळा बारीक करून, फार विचार केल्यासारखं दाखवून सांगायचो, बावीस. सोळा. वीस. तोंडाला येईल ते नव्हे, पण जवळपास तसंच.

ते खोकं चालेना. चालणारच नव्हतं. पाटी बावीसचा हिरवा दिवा लावायची आणि मी म्हणायचो, "चूक." मग मी खुशीत यायचो. पन्नास वर्षांची माझी नजर, ती पुठ्ठ्याच्या खोक्यात येते होय! मुरुगेसन बघायला यायचा, त्याच्यासमोर तर मी मुद्दाम म्हणायचो, "रावांचं यंत्र खोटं बोलतं." राव घरी जाऊन सगळा प्रोग्रॅम पहिल्यापासून वाचायचे. वायरी बदलल्या. सेन्सर बदलला. पुठ्ठा बदलला. पुढच्या गुरुवारी परत यायचे, पुढं पुढं मधल्या सोमवारीही.

मग एके गुरुवारी ते वही उघडून माझ्याजवळ सरकले. चेहरा उतरला होता. म्हणाले, "अण्णा, हे बघा. सात नंबरची पेटी. सोमवारीं आणि आज, आंकडे अगदी तेच आले. पण सोमवारीं मी बावीस लिहिलंय आणि आज तुम्ही वीस म्हणालांत. तुम्ही सोमवारीं काय म्हणाला होतांत?"

सोमवारी मी बावीस म्हणालो होतो. मला पक्कं आठवत होतं. त्यांनी विचारलंही किती अदबीनं, माझ्याकडं बोट न करता. मला फक्त एवढंच बोलायचं होतं, "राव, मला दिसत नाही." चार शब्द. मी बोललो ते वेगळंच. मी म्हटलं, "मी सोमवारीही वीसच म्हणालो. तुम्ही चुकीचं लिहिलंत."

 मला वाटलं आता वाद घालतील. पण त्यांनी पेन्सिल काढली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "आमच्या वडिलांचं असंच सुरूं झालं होतं. आधीं आंकडे, मग नांवं. शेवटीं मला ओळखत नव्हते."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी चहा मागवला.

त्यानंतर त्यांना तशा चुका सापडतच गेल्या, आणि प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दिलं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा ते आपोआप येतं. आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. मुरुगेसनच्या दुकानात दुपारच्या चहाला चार सराफ बसले होते, मी त्यांना म्हणालो, "रावांचं डोकं गेलं बरं का. सोमवारचं गुरुवारी आठवत नाही. म्हाताऱ्याला चळ लागला." सगळे हसले. मुरुगेसन भला माणूस, त्यानं पुढच्या वेळी रावांना हळूच विचारलं, "सार, तब्येत बरी आहे ना? डॉक्टरला दाखवलंत?" राव म्हणाले, "दाखवतों." त्या दिवशी माझ्या दुकानात न येता ते तसेच परत गेले. काडेपेट्या आणि खोकं माझ्याकडेच राहिलं. मग गुरुवार बंद झाले. रविवारचा वर्गही त्यांनी बंद केला. पेन्शनरांना सांगितलं, शिकवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर पाहिजे. मी फोन केला नाही. म्हटलं, रुसलेत, येतील.

फोन आला त्या दिवशी वेलचेरीला गेलो. काचेच्या पेटीत ठेवलं होतं त्यांना. लोक येत होते, मला कोपऱ्यात खुर्ची दिली. घरात जिकडं तिकडं कागदाचे तुकडे चिकटवलेले. स्विचवर, औषधाच्या डब्यावर, आरशावर. मला वाचता येईना. मी वॉचमनला विचारलं, तो तमिळमध्ये म्हणाला, "सारच लावायचे. आरशावर आज कुठला वार ते लिहायचे." वहिनी म्हणाल्या, रोज सकाळी उठले की ते एका कोऱ्या कागदावर तो पहिला धडा लिहायचे, दिवा लुकलुकवायचा. न बघता. मग लॅपटॉपवर घालून चालतो का बघायचे. रोज बरोबर यायचा. तरी म्हणायचे, "आज आला. उद्यां यायचा नाही."

हे ऐकूनही मी बोललो नाही. लोक होते, रडारड होती, ही वेळ नव्हे असं मनाला सांगितलं. तेराव्याला गेलो तेव्हाही वेळ नव्हती. त्या दिवशी वहिनींनी रावांची वही माझ्या हातात दिली. "तुमच्या कामाची आहे, अण्णा. त्यांचं काय चुकत होतं ते तुम्हाला तरी कळेल."

वही घेऊन घरी आलो आणि एक अक्षर दिसेना. पेन्सिलीचं लिखाण, सगळं पान माझ्यापुढं धुरकट. विलासला वाचून दाखव म्हणायची हिंमत नव्हती, कारण तो वाचणार काय हे मला माहीत होतं. तेव्हा पहिल्यांदा मी त्याला म्हटलं, "मला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने." त्यानं काही विचारलं नाही. म्हणाला, "दोन वर्षं वाट बघतोय मी, तुम्ही कधी म्हणताय त्याची." म्हणजे घरात ठाऊकच होतं. मीच एकटा लपवत होतो.

ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी पांढरं हे पांढरं दिसायला लागलं. दुकानात गेलो, दगड पुसला, सातवी काडेपेटी उघडली आणि तुकडा ओढला. रेघ उमटली. ती बावीस नव्हती, वीसही नव्हती. तांबूस, तांब्याकडं झुकलेली, अठरा. गल्लीतल्या कुठल्याही शिकाऊ पोराला कळली असती. मग वही उघडली. सात नंबरपुढं रावांच्या नीट अक्षरात लिहिलं होतं, "अण्णा म्हणतात वीस. माझी चूक." खाली नववी पेटी, "माझी चूक." तिसरी, "माझी चूक." मी मोजत गेलो. अकरा वेळा. खोकं तिथंच होतं. त्यातून आलेले प्रत्येक पेटीचे आकडे वहीत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत फारसे हलले नव्हते. ते यंत्र बरोबर होतं, वही बरोबर होती, राव बरोबर होते.

विलासला दुकान बघायला सांगितलं आणि तसाच वेलचेरीची गाडी पकडली. वहिनी एकट्याच होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दिसत नव्हतं, बोललो नाही, त्यांच्यावर ढकललं. मला वाटलं होतं त्या रागावतील, नाहीतर रडतील, नाहीतर म्हणतील, जाऊं द्या. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या हातांतून गॅसचा लायटर मी काढून घेतला, अण्णा. बँकेंत एकटं जाऊं दिलं नाही. ते म्हणायचे, कमला, मी खरंच विसरायला लागलोंय का ग? आणि मी गप्प बसायची. मला खरं वाटलं होतं."

मी हात जोडले. म्हणालो, "वहिनी, चूक माझी."

"मला सांगून मी काय करूं?" त्यांचा आवाज चढला नाही. "मला तर आतां आणखी एक ओझं दिलंत. तुम्ही त्यांना वेडं ठरवलंत तें ह्या घरांत नव्हे. तुमच्या गल्लीत. तिथून तें इथें आलं. जिथें बोललांत तिथें जाऊन सांगा."

मी उठलो. इतक्या वर्षांत त्या घरातून कॉफी न घेता मी कधी निघालो नव्हतो. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही आणि मीही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, सराफांची दुकानं उघडली तसा मी मुरुगेसनच्या पायरीवर गेलो. आत तेच चौघे होते. तो म्हणाला, "उक्कारुंगो अण्णा, बसा, टी सांगतो." मी बसलो नाही. उभं राहून, माझ्या मोडक्या तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दोन वर्षं मला कस दिसत नव्हता. मी अंदाजानं बोलत होतो. राव सारांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. चळ लागला असं मी म्हणालो, ते खोटं होतं." कोणी हसलं नाही. मुरुगेसन खाली बघून काउंटर पुसत राहिला आणि म्हणाला, "हे सांगायची काय गरज होती, अण्णा? तुमचंच नाव जातं." मी म्हटलं, "जाऊ दे," आणि पुढच्या दुकानात गेलो. तिथंही तेच बोललो. मग त्याच्या पुढच्या. सहाव्या दुकानात एकानं मोबाइलमधून डोकंच वर काढलं नाही, त्यालाही सांगितलं. गल्लीच्या शेवटी एक नवीन दुकान आहे, मालक कोइंबतूरचा, आमच्या कोणाला ओळखत नाही. त्याच्यापुढं जायची खरं तर गरज नव्हती. तरी गेलो, बोललो. तो बिचारा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला आणि म्हणाला, "पण राव सार म्हणजे कोण?"

त्या दुकानात मी बसलो, आणि त्याला पहिल्यापासून सांगितलं.